कवचधारी प्राण्यांच्या शेपटीचे स्नायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोळंबी, क्रेफिश (गोड्या पाण्यातला, लॉब्स्टरसारखा दिसणारा छोटा प्राणी), खेकडे आणि त्यांचे दूरचे भाऊबंद यांच्या शेपटीबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काही विच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे असतात, काही नुसत्या कुतूहलाने विचारलेले. सुरुवात सोप्यापासून केली आहे, शेवटचे प्रश्न जरा अवघड आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे नीट सांगितली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोळंबीची शेपटी ही खरंच शेपटी असते का?

नाही, ते तिचं उदर आहे. कुत्र्याची किंवा माशाची शेपटी गुदद्वाराच्या मागे सुरू होते. कोळंबीचं आतडं मात्र या ‘शेपटी’च्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातं आणि अगदी शेवटच्या पात्याखाली उघडतं. कोळंबी, क्रेफिश, खेकडा ज्या मोठ्या गटात येतात त्या मॅलॅकोस्ट्राका गटाचा आराखडा ठरलेला आहे : डोक्याचे ५ खंड, वक्षाचे ८, उदराचे ६ आणि शेवटी टेल्सन, म्हणजे वर सांगितलेलं शेवटचं पातं. सहाव्या खंडाचे पाय चपटे होऊन टेल्सनच्या दोन्ही बाजूंना पसरतात. त्यांना युरोपॉड म्हणतात. टेल्सन आणि युरोपॉड मिळून पंखा होतो. बोलताना सगळेच ‘शेपटी’ म्हणतात, म्हणून मीही खाली तोच शब्द वापरला आहे.

२. या शेपटीत स्नायू किती प्रकारचे असतात?

पायांचे स्नायू सोडले तर मुख्य गट चार. दोन प्रश्न विचारले की ते लक्षात राहतात. स्नायू शेपटी वाकवतो की सरळ करतो? आणि तो झटक्याचा आहे की धरून ठेवणारा? वाकवणारे ते फ्लेक्सर, सरळ करणारे ते एक्सटेन्सर. दोघांतही एक खोलवरचा चपळ संच असतो आणि एक वरवरचा संथ संच. चपळ संच पळून जाण्यासाठी, संथ संच एरवी शेपटी ज्या स्थितीत ठेवायची ती ठेवण्यासाठी. क्रेफिशमध्ये ही विभागणी इतकी स्वच्छ आहे की चेताशास्त्रज्ञांनी त्याच्यावर दशकानुदशकं काम केलं.

३. आडवा छेद घेतला तर काय कुठे दिसेल?

अल्कोहोलमध्ये ठेवलेला क्रेफिश घ्या आणि तिसऱ्या उदरखंडाच्या मधोमध धारदार पात्याने आडवं कापा. वर कमानीसारखी कवचाची पाठ दिसेल. तिच्या लगेच खाली डाव्या-उजव्या बाजूला एक्सटेन्सरचे दोन बेताचे गठ्ठे. त्यांच्या मधल्या खाचेत पाठीची रक्तवाहिनी आणि तिच्याखाली आतडं. त्याखालची जवळजवळ सगळी जागा चपळ फ्लेक्सरने व्यापलेली असते, पांढरट आणि घट्ट. त्या ढिगाच्या तळाशी, मध्यरेषेवर, चेतारज्जूचा बारीक पांढरा ठिपका. आणि अगदी खाली, पोटाकडच्या पातळ कवचाला चिकटून, फितीसारखे संथ फ्लेक्सर.

ही शेवटची फीत बहुतेकांच्या हातून जाते. पहिल्या वर्षी मी पोटाकडून कवच खरवडून काढलं, फीत त्याच्याबरोबर निघून गेली, आणि मी वहीत ‘संथ फ्लेक्सर आढळले नाहीत’ असं ठणकावून लिहिलं. ते कचऱ्याच्या बशीत पडले होते. म्हणून पाठीकडून उघडा, चपळ फ्लेक्सर एकेक करून उचला, आणि तळ उघडा पडला की थांबा. तिरपा उजेड टाकला की फीत चमकते.

४. फ्लेक्सर एवढे जाड आणि एक्सटेन्सर एवढे बारीक का?

कारण पाणी ढकलायचं काम वाकण्याच्या फटक्यात होतं. पंखा पसरून शेपटी पोटाखाली आपटली की प्राणी मागे फेकला जातो. परत सरळ होताना पंखा मिटलेला असतो, पाण्याचा अडथळा कमी लागतो, ताकदही कमी पुरते.

यात एक बारकावा आहे. क्रेफिशच्या सगळ्यात जलद झटक्यात वाकण्याची आज्ञा थेट मध्यवर्ती तारेवरून येते (प्रश्न ७). सरळ होण्याची आज्ञा मात्र त्या तारेत नसते. शेपटी वाकली हे संवेदकांना कळतं आणि त्या प्रतिक्षिप्त क्रियेतून एक्सटेन्सर चालू होतात. सलग पोहताना मात्र सरळ होण्याची वेळही मध्यवर्ती यंत्रणाच ठरवते.

५. चपळ फ्लेक्सर दोराला पीळ दिल्यासारखे का दिसतात?

आहेतच ते पिळलेले. तिरके गठ्ठे एका खंडात सुरू होऊन त्याच खंडात संपत नाहीत. ते पलीकडच्या खंडापर्यंत जातात आणि जाताना शेजारच्या गठ्ठ्याभोवती वळसा घेतात. त्यामुळे खंड आखूड असला तरी तंतू लांब राहतो, आणि लांब तंतू आकुंचन पावला की जास्त अंतर ओढतो. शिवाय एकच गठ्ठा एकाहून जास्त सांध्यांवरून जात असल्याने शेपटी एकसंध गुंडाळली जाते.

हा पीळ फुकट जात नाही याचं श्रेय सांध्यांना. शेजारच्या दोन खंडांमध्ये डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी बिजागरी असते. म्हणून शेपटी वर-खालीच हलते, माशासारखी डावी-उजवी नाही. स्नायू कितीही तिरका ओढो, बिजागरी त्याला एकाच पातळीत वळवते. स्नायूंची चित्रं सांध्यांशिवाय काढणाऱ्या पाठ्यपुस्तकांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच.

६. चपळ आणि संथ स्नायू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात का?

जागेवरून येतात, रंगावरून भरवसा नाही. खात्री हवी तर सूक्ष्मदर्शक लागतो. चपळ तंतूत सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारा सर्वांत लहान तुकडा, आखूड, साधारण २ ते ४ मायक्रोमीटर. संथ तंतूत ते त्याच्या दुपटीहून लांब. चपळ तंतूच्या छेदात एका जाड तंतुकाभोवती साधारण ६ बारीक तंतुकं दिसतात, संथ तंतूत १० ते १२.

दुसरा फरक चेतांचा. आपल्या शरीरात एका स्नायुतंतूला सहसा एकच चेता मिळते आणि ती फक्त ‘ओढ’ म्हणते. क्रेफिशच्या संथ फ्लेक्सरला प्रत्येक अर्ध्या खंडात ५ उत्तेजक चेतापेशी आणि १ रोधक चेतापेशी येते. केनेडी आणि ताकेडा यांनी १९६५ मध्ये हे दाखवलं. म्हणजे ‘सोड’ ही आज्ञाही थेट स्नायूपर्यंत पोचते. दर अर्ध्या खंडाला अवघ्या सहा तारांवर शेपटीचा डौल सांभाळला जातो, हे मला अजूनही थक्क करतं.

७. महातंतू म्हणजे काय आणि त्यांचा स्नायूंशी काय संबंध?

चेतारज्जूत वरच्या बाजूला चार जाडजूड तंतू दिसतात : दोन मधले, दोन बाजूचे. हेच महातंतू. यांपैकी एकाने एकदा जरी संदेश पाठवला तरी पूर्ण झटका बसतो. क्रेफिशमध्ये स्पर्शापासून हालचालीपर्यंत सुमारे १० मिलिसेकंद लागतात. विर्स्मा यांनी १९४७ मध्ये या तंतूंचा आणि झटक्याचा संबंध मांडला. १९५९ मध्ये फर्शपान आणि पॉटर यांनी महातंतू आणि फ्लेक्सरची मोठी प्रेरक (स्नायूला आज्ञा देणारी) चेतापेशी यांच्यातला जोड रासायनिक नसून विद्युत आहे, आणि तोही एकाच दिशेने चालणारा, हे सिद्ध केलं.

शरीररचनेच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. डोक्याकडून धोका आला तर मधले तंतू पेटतात, सगळे उदरखंड वाकतात, क्रेफिश सरळ मागे जातो. शेपटीला मागून स्पर्श झाला तर बाजूचे तंतू पेटतात. ते पुढच्या तीन खंडांतल्या मोठ्या प्रेरक चेतापेशींनाच जोडलेले असतात. मागचे खंड सरळ राहतात, शेपटी मध्ये दुमडते, आणि प्राणी वर उसळतो. मागे गेला असता तर थेट शत्रूच्या तोंडात पडला असता. स्नायू दोन्ही वेळी तेच असतात, बदलते ती फक्त जोडणी.

पिनीड गटातल्या कोळंब्यांनी यावर कडी केली आहे. त्यांच्या महातंतूंवर मायलिनसारखं आवरण असतं आणि संदेशाचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या घरात जातो. आपल्या शरीरातल्या सर्वांत जलद चेता साधारण १२० मीटरपर्यंत पोचतात.

८. शेपटी किती वाकली आहे हे प्राण्याला कसं कळतं?

पाठीकडच्या एक्सटेन्सरजवळ, प्रत्येक खंडात दोन्ही बाजूंना, दोन-दोन अगदी बारीक स्नायू असतात. त्यांचं काम ओढण्याचं नाही, ताण मोजण्याचं. प्रत्येकावर एक संवेदी चेतापेशी बसलेली असते. एक सतत संदेश देत राहते, दुसरी फक्त ताण बदलताना. अलेक्झांड्रोविच यांनी १९५१ मध्ये लॉब्स्टरमध्ये यांचं वर्णन केलं. विच्छेदनात हे धाग्यासारखे दिसतात आणि ‘संयोजी ऊतक’ समजून फेकले जातात.

९. कात टाकताना स्नायू सुटतात का?

सुटत नाहीत. स्नायू कवचाला थेट चिकटलेला नसतो. मध्ये त्वचेच्या खास पेशी असतात, त्यांच्यात सूक्ष्मनलिकांचे जुडगे असतात, आणि तिथून तंतू कवचात घुसलेले असतात. नवं कवच तयार होत असतानाही जुन्याशी असलेला धागा शेवटपर्यंत टिकतो, म्हणून प्राणी तोपर्यंत हालचाल करू शकतो. नांगीतला स्नायू मात्र कात टाकण्याआधी बराच झिजतो, नाहीतर तो अरुंद सांध्यातून बाहेर ओढता येणार नाही. शेपटीला ही अडचण नाही.

१०. क्रेफिश थोड्याच झटक्यांत दमतो. एवढ्या मोठ्या स्नायूचा उपयोग काय मग?

तो लांब पल्ल्यासाठी नाहीच. चपळ फ्लेक्सरमध्ये मायटोकाँड्रिया कमी असतात. सुरुवातीचे झटके अर्जिनीन फॉस्फेटच्या साठ्यावर निघतात. आपल्यात तेच काम क्रिएटिन फॉस्फेट करतं. साठा संपला की लॅक्टेट साचतं आणि भरपाईला तास लागतात. दूर जायचं असेल तर चालायला पाय आहेत.

११. खेकड्याची शेपटी कुठे गेली?

पोटाखाली. खेकडा उलटा करा : मधोमध चपटी, खंडांची पट्टी दिसेल. नरात ती अरुंद, मादीत रुंद, कारण तिथे अंडी सांभाळायची असतात. हेच त्याचं उदर.

आत पाहिलं तर क्रेफिशमधला तो फ्लेक्सरचा ढीग नाही. उरलेत ते पातळ स्नायू, जे पट्टी उघडतात आणि मिटतात. पंखा नाही, झटक्याच्या महातंतूंची यंत्रणाही नाही. मिटलेली पट्टी बंद ठेवायला स्नायू खर्च करायचीही गरज नाही. पुष्कळ खेकड्यांत छातीच्या कवचावर दोन बारीक गाठी असतात आणि सहाव्या उदरखंडाच्या आतल्या बाजूला त्यांच्या मापाच्या दोन खोबणी. टिचबटणासारखं लागतं. नराच्या पट्टीखाली नखाने हलकेच उचकटून पाहा, तो ‘टक्’ जाणवतो.

लॉब्स्टरसारख्या लांब प्राण्यांपासून असा चपटा, शेपटी दुमडलेला आकार एकाहून जास्त वेळा स्वतंत्रपणे आला आहे. बोरॅडेल यांनी १९१६ मध्ये त्याला ‘कार्सिनायझेशन’ असं नाव दिलं. म्हणून दोन प्राण्यांत शेपटीचे स्नायू घटलेले दिसले म्हणजे ते जवळचे नातेवाईक, असा निष्कर्ष काढू नका.

१२. नर खेकड्याची पट्टी मादीसारखी रुंद दिसली. नमुना चुकलाय का?

कदाचित परजीवी आहे. सॅक्युलिना हा बार्नॅकलचा (खडकांना कायमचा चिकटून राहणाऱ्या कवचधारीचा) नातेवाईक खेकड्याच्या शरीरात मुळांसारखा पसरतो आणि नराचं उदर मादीसारखं रुंद करतो. पट्टीखाली अंड्यांच्या जागी गुळगुळीत पिवळसर पिशवी दिसली तर तीच. असा नमुना तुलनेत धरू नका.

१३. शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्याची शेपटी मऊ आणि वाकडी का असते?

शंखाच्या वळणात बसायची म्हणून. बहुतेक शंख उजवीकडे वळणारे असतात, त्यामुळे उदरही तसंच वळतं. उदराच्या डाव्या बाजूचे पाय टिकतात, उजवीकडचे बहुधा नाहीसे होतात. डावा युरोपॉड मोठा असतो. त्यावरचा कानशीसारखा खरखरीत भाग शंखाच्या मधल्या दांड्यावर रुततो.

स्नायूंच्या बाबतीत हा प्राणी मोठा बोलका आहे. कवच मऊ पडलं, बिजागऱ्या गेल्या, पण फ्लेक्सर राहिले आणि मधले महातंतूही राहिले. काम तेवढं बदललं. जो झटका क्रेफिशला पाण्यात मागे फेकतो, तोच हर्मिटला शंखात ओढून घेतो. बाजूचे महातंतू मात्र नाहीत. मागून स्पर्श करणार कोण, तिथे तर शंख आहे.

नारळी खेकडा याच कुळातला. लहानपणी शंखात राहतो, मोठेपणी शंख सोडतो आणि उदराची पाठ पुन्हा टणक होते.

१४. महातंतू नसतील तर झटका मारताच येत नाही ना?

मारता येतो. गॅलाथिया या चपट्या, लॉब्स्टरसारख्या दिसणाऱ्या प्राण्यात मधले किंवा बाजूचे महातंतू नाहीत, तरी तो शेपटी आपटत पोहतो. इबॅकस या स्लिपर लॉब्स्टरमध्येही तीच गोष्ट. क्रेफिशमध्येसुद्धा महातंतूंशिवाय चालणारी दुसरी यंत्रणा आहे. तिला सुरू व्हायला जास्त वेळ लागतो, पण दिशा हवी तशी बदलता येते.

उलट टोकाला एमेरिटा. लाटांच्या वाळूत पाठमोरा घुसणारा, अंड्याच्या आकाराचा हा प्राणी शेपटी आपटणं पूर्ण विसरला आहे. तो युरोपॉड वल्ह्यासारखे मारून पोहतो आणि खणतो. त्याच्या युरोपॉडच्या बुडाशी एक ताणसंवेदक आहे जो नेहमीसारखे तुटक विद्युत ठोके पाठवत नाही, ताण वाढेल तसा संदेशही चढत जातो. शेपटीच्या स्नायूंची उत्क्रांती शिकायला एकच प्राणी निवडायचा झाला तर मी हाच निवडेन.

१५. सगळ्या कवचधारींमध्ये जोराचा फटका वाकण्याचाच असतो का?

नाही, आणि इथे परीक्षेत हमखास चूक होते. किनाऱ्यावरचे वाळूतले पिसू, म्हणजे टॅलिट्रिड गटातले अँफिपॉड, शेपटी आधी पोटाखाली दुमडून ठेवतात आणि मग झटक्यात सरळ करतात. जमिनीला रेटा बसतो आणि ते उडतात. म्हणजे तिथे एक्सटेन्सरचं राज्य. ‘फ्लेक्सर नेहमी मोठा’ हा नियम पाण्यात मागे पळणाऱ्यांपुरताच खरा.

आयसोपॉड या दुसऱ्या गटात उदर आखूड, टेल्सन शेवटच्या खंडाशी जुळलेलं, आणि उदराचे पाय मुख्यतः श्वासासाठी. गोळा होणाऱ्या जातीही शेपटीच्या नव्हे तर वक्षाच्या खंडांच्या जोरावर गुंडाळतात. मँटिस श्रिम्पचं उदर रुंद आणि ताकदवान असतं. बऱ्याच जातींत टेल्सन ढालीसारखं पुढे धरलं जातं. नॅनोस्क्विला डेसेम्स्पिनोसा ही एक छोटी जात लाटेने वाळूवर फेकली गेली की मागे कोलांट्या घेत पाण्याकडे जाते. शेपटीचा असा उपयोग कुणी सुचवला असता तर मी हसलो असतो.

१६. डॅफ्निया, आर्टेमिया, कोपेपॉड या पाण्यातल्या बारीक कवचधारींचीही तुलना करायची का?

करा, पण खंडाला खंड जोडून नाही. कोपेपॉडच्या मागच्या भागाला पाय नसतात. तिथले स्नायू साधे उभे, पाठीकडचे आणि पोटाकडचे, आणि उडी पायांनी मारली जाते. आर्टेमियाचं उदरही बिनपायांचं. डॅफ्निया डोक्यावरच्या दुसऱ्या शृंगिकांनी पोहते. तिचं मागचं टोक साफसफाईच्या कामाचं. बार्नॅकलमध्ये तर उदर जवळजवळ उरलेलंच नाही. या सगळ्यांच्या ‘उदरा’ची सीमा मॅलॅकोस्ट्राकाच्या सीमेशी जुळत नाही, त्यामुळे ‘तिसऱ्या खंडाचा फ्लेक्सर’ असं एकमेकांसमोर ठेवता येत नाही.

१७. मग दोन प्राण्यांतला स्नायू ‘तोच’ आहे हे ठरवायचं कसं?

जाडी आणि आकार सर्वांत शेवटी पाहा. आधी दोन्ही टोकं कुठे जोडलीत ते, मग त्याला कोणत्या गुच्छिकेतून (चेतारज्जूवरच्या चेतापेशींच्या गाठीतून), कितव्या मुळातून चेता येते ते. स्नायू वापराप्रमाणे फुगतो, झिजतो, सरकतो. त्याची चेता सहसा जुनीच राहते. त्यातही चेतापेशीचा मुख्य भाग गुच्छिकेत कुठे आहे हे रंगवून पाहता आलं तर वाद बराच मिटतो. प्रश्न १८ मध्ये याचं उदाहरण आहे.

१८. टेल्सन खंड नाही म्हणता, मग त्यात फ्लेक्सर कसे?

टेल्सनला स्वतःचे पाय नाहीत, म्हणून त्याला खंड मानत नाहीत. तरी क्रेफिशच्या टेल्सनला वाकवणारे अनेक स्नायू आहेत, आणि ते पुढच्या खंडांतल्या फ्लेक्सरसारखे दिसत नाहीत. त्यांच्या चेतापेशी तपासल्यावर मात्र त्या पुढच्या खंडांतल्या चपळ फ्लेक्सरच्या चेतापेशींशी जुळल्या. उदराची शेवटची, म्हणजे सहावी गुच्छिका मुळात एक नाही. तिच्यात सहाव्या खंडाचा आणि त्यामागच्या एका हरवलेल्या खंडाचा भाग एकत्र झालेला आहे. टेल्सनचे काही स्नायू त्या हरवलेल्या सातव्याचा वारसा आहेत.

१९. तो सातवा खंड कुणात अजून शिल्लक आहे का?

आहे. लेप्टोस्ट्राका या लहानशा गटात, उदाहरणार्थ नेबॅलियामध्ये, उदराचे ७ खंड मोजता येतात आणि सातव्याला पाय नसतात. प्रश्न १ मधला ‘६ खंड’ हा आकडा म्हणूनच मॅलॅकोस्ट्राकाच्या बाकीच्यांना लागू आहे, यांना नाही. नेबॅलिया विच्छेदनाला घेतलीत तर मोजणी पुढून सुरू करा. मागून मोजायला गेलात तर प्रत्येक स्नायूचा क्रमांक एकाने चुकतो.